फायनल इयरचा प्रोजेक्ट आणि आयर्विन पुलाची पातळी

दरवर्षी गणपती बसायच्या सुमाराला मला दोन-तीन फोन हमखास येतात. कुणी साताऱ्याचा, कुणी कराडचा, कुणी सांगलीचा. नात्यातलं नाहीतर ओळखीतलं पोरगं, नुकतंच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेलेलं. "दादा, प्रोजेक्टला एखादा टॉपिक सांगा की. जरा हटके पायजे, पण लई अवघड नको." आणि मग दबक्या आवाजात, "मशीन लर्निंग असलं तर बरं, मार्क पडतात."

टॉपिक सांगायला माझी ना नाही. पण हा प्रश्नच मला उलटा वाटतो. लग्नाचा हॉल बुक करून मग मुलगी बघायला निघाल्यासारखा. टॉपिक म्हणजे काय, तर सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापायचं नाव. 'इंटेलिजंट अमुक तमुक मॅनेजमेंट सिस्टिम युझिंग डीप लर्निंग'. त्या नावात कुणाची काय अडचण आहे, ती आज कशी सुटते, आपण केल्यावर काय बदलेल, यातलं काहीच नसतं. म्हणून मग मार्चमध्ये तेच होतं जे दरवर्षी होतं: पुण्याच्या कुठल्यातरी प्रोजेक्ट सेंटरला फोन, काही हजार रुपये, एक झिप फाइल, आणि सोनेरी अक्षरांचं बायंडिंग. हल्ली तर पुण्यालाही जावं लागत नाही. एआयला सांगितलं की तासाभरात लॉगिन पेज, डॅशबोर्ड, रंगीत आलेख सगळं तयार. एक्स्टर्नल विचारतात, "हे डेटासेट कुठून आणलं?" आणि चार पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

मी काही नीतिमत्तेचं प्रवचन देणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण जिथले आहोत तिथे एक नदी वाहते, आणि तिच्याबद्दलचा एक साधा प्रश्न नीट सोडवायला एक अख्खं वर्ष जेमतेम पुरतं. तो कसा सोडवायचा याचं नियोजन एकदा करून बघा. मला वाटतं प्रोजेक्ट म्हणजे काय ते त्यातून जितकं कळतं, तितकं दहा टॉपिकच्या यादीतून कळत नाही.

प्रश्न असा. कोयना धरणातून पाणी सोडलं की सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पातळी किती तासांनी वाढायला लागते?

बस्स, एवढाच. सांगलीत ज्याचं घर नदीकडेला आहे त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आयर्विन पूल १९२९ चा. तिथे कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये सुमारे ५७ फुटांपर्यंत, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ च्या पुढे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट या भागातल्या लोकांना तर इशारा पातळीची वाट बघायची चैन परवडत नाही, त्यांच्या दारात पाणी त्याच्या आधीच आलेलं असतं. गणपती पेठेतल्या व्यापाऱ्याला पातळीचा आलेख नको असतो. त्याला एवढंच हवं असतं की पोती आज रात्रीच माळ्यावर टाकायची की उद्या सकाळी हमाल आल्यावर टाकली तरी चालतील.

आता हाच विषय घेऊन चार पोरं बसली की पहिल्या मीटिंगमध्ये काय ठरतं ते मी न बघता सांगतो. 'कृष्णा खोरे पूर पूर्वानुमान प्रणाली'. अँड्रॉइड ॲप, वेबसाइट, एसएमएस, सॅटेलाइट इमेज, न्यूरल नेटवर्क. आणि एक जण हमखास म्हणणार, "अलमट्टीचं बॅकवॉटर पण घेऊया." (सांगली जिल्ह्यात अलमट्टीवर मत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तो विषय काढला की प्रोजेक्ट संपला, चहा सुरू.) अशा यादीतलं एकही काम पूर्ण होत नाही, कारण पूर्ण म्हणजे काय हेच कुणी ठरवलेलं नसतं. शिवाय पूर पूर्वानुमान ही मस्करीची गोष्ट नाही. चार पोरांच्या ॲपने रात्री "काळजी नसावी" म्हटलं आणि कुणी घरात झोपून राहिलं तर? ते काम जलसंपदा विभागाचं आणि प्रशासनाचं आहे, त्यांचंच ऐकायचं. आपलं काम एका आकड्याचं: किती तास. मागच्या नोंदींवरून किमान इतके, कमाल इतके. तो आकडा एका पानाच्या तक्त्यात बसतो. तो तक्ता म्हणजेच 'पूर्ण'. हे पहिल्या दिवशी लिहून भिंतीला चिकटवायचं.

लिनस टोरवाल्ड्सची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण चुकीच्या टोकाकडून. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातला हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी 'जगातली मोठी ऑपरेटिंग सिस्टिम' असा टॉपिक घेऊन बसला नव्हता. त्याला घरच्या पीसीवरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून घ्यायचं होतं, त्यासाठी तो टर्मिनलचा एक छोटा प्रोग्राम लिहीत होता. तो वाढत वाढत लिनक्स झाला. सप्टेंबर १९९१ ला पहिली ०.०१ आवृत्ती, आणि १.० म्हणायला मार्च १९९४ उजाडलं. उलट बाजूला डोनाल्ड क्नूथ. १९७८ च्या सुट्टीत टेक् हा टाइपसेटिंगचा प्रोग्राम उरकेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात त्याला दहा-एक वर्षं लागली. क्नूथचा अंदाज चुकतो तर आपल्या गँट चार्टची काय कथा!

तर मुद्दा नियोजनाचा. या प्रश्नाची गंमत अशी की कॉलेजचं कॅलेंडर आणि नदीचं कॅलेंडर एकमेकांना पाठ करून बसलेत. टॉपिक ठरतो ऑगस्ट-सप्टेंबरात. गाईड सह्या करेपर्यंत ऑक्टोबर. तोवर पूर ओसरलेला, धरणाचे दरवाजे बंद. सबमिशन एप्रिल-मे मध्ये, तेव्हा आयर्विनखाली पोरं वाळूत क्रिकेट खेळतील इतकं पाणी. म्हणजे ज्या दोन-अडीच महिन्यांत या प्रोजेक्टचा कच्चा माल तयार होतो, ते महिने कॉलेजच्या हिशोबात प्रोजेक्ट सुरूच झालेला नसताना निघून जातात. म्हणून तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्या संपल्या, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करायची. सिनॉप्सिस नंतर. आधी वही.

हे फक्त नदीपुरतं नाही. उसाचा प्रोजेक्ट घेतलात तर कारखान्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. बेदाण्याचा घेतलात तर त्याचे महिने वेगळे. प्रत्येक विषयाला स्वतःचा हंगाम असतो आणि तो विद्यापीठाला विचारून येत नाही. पण आपल्याकडे प्लॅनिंग म्हणजे सबमिशनच्या तारखेपासून मागे मोजायचं, एवढंच शिकवतात.

वहीत काय लिहायचं? पावसाळ्यात जलसंपदा विभागाची रोजची आकडेवारी येते, वर्तमानपत्रंही ती छापतात: धरणातला साठा टीएमसीमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये, आणि नदीवरच्या ठिकाणांची पातळी फूट-इंचात. कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, मग आयर्विन. नुसती ही यादी नकाशावर मांडली तरी प्रोजेक्टची निम्मी रचना समोर येते. पाणी या क्रमाने खाली येतं. मधल्या पुलांची पातळी हातात असेल तर कोयना ते आयर्विन असा एकच लांब टप्पा न घेता छोटे छोटे टप्पे मोजता येतात, आणि एखाद्या टप्प्यात गडबड झाली तर कुठे झाली ते दिसतं. (प्रोग्राम डिबग करताना आपण दुसरं काय करतो?)

आणि मग खरी मजा सुरू होते, जी कुठल्याही झिप फाइलमध्ये मिळत नाही.

समजा, पातळी ३२.९ लिहिलीय आणि तीन तासांनी ३२.१०. माणूस वाचतो: ३२ फूट ९ इंच होती, ३२ फूट १० इंच झाली, म्हणजे चढतेय. प्रोग्राम वाचतो: ३२.९ होती, ३२.१ झाली, उतरतेय! खरं ३२ फूट १० इंच म्हणजे दशांशात ३२.८३. जवळपास नऊ इंचांची चूक, तीसुद्धा नेमकी उलट्या दिशेने, आणि एरर मेसेज शून्य. पायथनला काय घेणंदेणं? एआयने लिहून दिलेला कोडसुद्धा सीएसव्ही फाइल झकास उघडेल, फ्लोटमध्ये रूपांतर करेल, सुंदर आलेख काढेल. त्या टिंबानंतर इंच आहेत की दशांश, हे विचारायचं पोरालाच सुचलं पाहिजे. ते सुचतं कधी, तर स्वतः पुलावर जाऊन पट्टी वाचलेली असते तेव्हा.

दुसरं, क्युसेक आणि टीएमसी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा वेग. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हा साठा. ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतो. हा एक आकडा पाठ असला की बातमी वाचताना मनातल्या मनात पडताळा करता येतो. दिवसभर ३० हजार क्युसेक सुटलं म्हणजे अडीच टीएमसीच्या थोडं वर. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी.

म्हणून कुणीतरी हुशारी करतो: विसर्गाचा आकडा नसलेल्या दिवशी साठ्यातल्या फरकावरून तो काढू. आवक माहीत आहे, साठा माहीत आहे, वजाबाकी केली की झालं. तर नाही झालं! कोयनेचं वीजनिर्मितीचं बरंचसं पाणी कृष्णेत येतच नाही. ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे जातं आणि वाशिष्ठीतून चिपळूणच्या बाजूला उतरतं. पूर्वेला येतं ते सहा वक्र दरवाज्यांतून आणि पायथा वीजगृहातून सोडलेलं. ही गोष्ट पाटण तालुक्यातल्या कुठल्याही आजोबांना माहीत असते. आपल्या चार भिंतींत बसलेल्या टीमला ती फेब्रुवारीत कळते, मॉडेल बिनसल्यावर. त्यातून कोयना म्हणजे काही सगळी कृष्णा नाही. वाईकडून धोमचं पाणी, वेण्णेवरून कण्हेरचं, शिवाय उरमोडी आणि तारळी. कराडला प्रीतिसंगमावर कोयना येऊन मिळते तेव्हा कृष्णा आधीच हे सगळं घेऊन आलेली असते. आणि वारणा मिळते हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या खालच्या अंगाला. तिला पूर असेल तर वरचं पाणी लवकर सरकत नाही, तुंबतं. याचा अर्थ काय, की एकाच विसर्गाला दर वेळी एकच उत्तर मिळणार नाही. म्हणूनच तक्त्यात 'किमान इतके, कमाल इतके'. जो माणूस इथे एकच ठाम आकडा देईल त्याच्या प्रोजेक्टवर माझा विश्वास बसणार नाही.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पातळीची नोंद जर रोज सकाळी आठलाच मिळत असेल, तर तुम्ही कितीही भारी अल्गोरिदम लावा, उत्तर दिवसातच येणार, तासात नाही. दरवाजे सकाळी अकराला उघडले आणि दुसऱ्या दिवशी आठला पातळी वाढलेली दिसली. मधल्या एकवीस तासांत ती कधी वाढली? फाइलमध्ये ते नाहीच, तर त्यातून निघणार कुठून? पुराच्या दिवसांत दिवसातून अनेकदा नोंदी येतात, तेव्हा प्रत्येक नोंद वेळेसकट टिपून ठेवणारा माणूस लागतो. तो माणूस जुलैमध्ये तुम्ही स्वतः असलात तर ठीक. सप्टेंबरमध्ये टॉपिक शोधायला लागलात तर त्या वर्षीची ती गाडी गेली.

मागच्या वर्षांच्या नोंदींसाठी पाटबंधारे कार्यालयात जावं लागेल. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र, एचओडींची सही, शिक्का, आवक नंबर. साहेब फिल्डवर असतात, सोमवारी या. या सगळ्यावर वैतागायला हरकत नाही, पण ते प्लॅनमध्ये धरायला हवं. माझा नियम साधा आहे: जे काम दुसऱ्याच्या टेबलावरून जाणार आहे ते सगळ्यात आधी सुरू करायचं, जे आपल्या हातात आहे ते नंतर. पोरं बरोब्बर उलट करतात. आधी महिनाभर लॉगिन पेज रंगवतात (लॉगिन कशाला हवंय, पाण्याला?) आणि पत्र जानेवारीत देतात. २०१९ च्या पुरावर वडनेरे समितीचा अहवाल आहे, तो २०२० मध्ये शासनाला सादर झाला. पत्राची वाट बघता बघता तो वाचून होतो.

फ्रेड ब्रुक्सने १९७५ च्या 'द मिथिकल मॅन-मंथ' मध्ये वेळेची वाटणी दिली होती: एक तृतीयांश नियोजन, एक षष्ठांश कोडिंग, आणि उरलेला निम्मा वेळ टेस्टिंग. आमच्या क्षेत्रात हे सगळे वाचतात आणि कुणी पाळत नाही, ती गोष्ट वेगळी. पण आज कोडिंगचा तो एक षष्ठांश एआयमुळे आणखी आटलाय, त्यामुळे बाकीचं उलट जास्त उघडं पडतं. आपल्या प्रोजेक्टमध्ये कोड किती? नोंदी एका टेबलात भरायच्या, विसर्गाची मालिका एकेक तास पुढे सरकवत पातळीतल्या वाढीशी कधी सगळ्यात चांगली जुळते ते बघायचं. दोन-तीनशे ओळींचं काम. दिवाळीच्या सुट्टीत होतं. उरलेलं वर्ष त्या दोनशे ओळी खरं बोलतात की खोटं हे तपासण्यात गेलं पाहिजे.

ते तपासायचं असं. २०२१ चा पूर बाजूला काढून ठेवायचा, अजिबात हात लावायचा नाही. २०१९ आणि मधल्या लहानमोठ्या वाढींवरून तक्ता बनवायचा. मग एके दिवशी २०२१ उघडायचं आणि तक्त्याने काय सांगितलं असतं ते बघायचं. एकदाच. चुकलं तर चुकलं, पण तिथे मागे येऊन तक्ता 'दुरुस्त' करायचा नाही, नाहीतर बाजूला ठेवण्याला काही अर्थ राहत नाही. कुठल्या दिवशी चुकलं, त्या दिवशी वारणा कशी होती, मधल्या पट्ट्यात पाऊस किती होता, हे शोधण्यात आठ-दहा विकांत सहज जातील. आणि १५ फेब्रुवारीनंतर नवीन काही घ्यायचं नाही. त्या तारखेनंतर टीममधला कुणी "एक छोटं फीचर टाकूया का" म्हणाला तर त्याला चहाचं बिल भरायला लावायचं.

मित्र म्हणतात, हे सगळं करून मार्क सारखेच पडतात, मग कशाला? खरंय. कदाचित कमीही पडतील. डॅशबोर्डवाल्याला ९५ आणि एका पानाच्या तक्त्याला ८५. पण कॅम्पसच्या मुलाखतीत समोर बसलेला माणूस रोज हेच भोगत असतो: टिंबानंतर इंच आहेत की दशांश, आकडा कुठल्या वेळेचा, कुणाच्या टेबलावर अडलाय. त्याला प्रोजेक्टबद्दल विचारल्यावर दोन मिनिटांत कळतं की हे पोरगं पुलावर जाऊन आलंय की नाही. निदान मला तरी मुलाखती घेताना कळतं. आणि कुणी म्हणेल की सांगली-साताऱ्याच्या पोरांना पुण्या-मुंबईसारखा एक्स्पोजर नाही. १९४७ पासून सांगलीत आणि १९६० पासून कराडला इंजिनिअरिंग कॉलेज आहे. कराडचं तर कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. पुण्याच्या पोराला हा डेटा टिपायला एसटी पकडून यावं लागेल.

व्हायव्हाला एक्स्टर्नल विचारणारच, "ॲक्युरसी किती टक्के?" तेव्हा टक्के सांगायचे नाहीत. २०२१ मध्ये तक्ता किती तासांनी चुकला तो आकडा सांगायचा, आणि कोणत्या दिवशी का चुकला ते वहीतलं पान उघडून दाखवायचं. वही मात्र कॉलेजला जमा करू नका. ती त्याच जूनमध्ये तिसऱ्या वर्षातून वर आलेल्या कुणालातरी द्या, पहिल्या पावसाच्या आत.